फोटो हजारो, नावं कुठं आहेत?

मदर्स डे आला की आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या स्टेटसला आईचा जुना फोटो झळकतो. लग्नातला, नाहीतर कॉलेजच्या ट्रिपमधला. 'काकू काय भारी दिसायच्या', 'सेम टू सेम तू' असे रिप्लाय येतात. चोवीस तासांनी स्टेटस निघून जातं. तो फोटो जुन्या अल्बमवर मोबाईल तिरका धरून घाईत काढलेला असतो. त्यावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा उमटलेला असतो. मूळ प्रिंट परत माळ्यावरच्या ट्रंकेत जाते. आणि त्या फोटोत आईच्या शेजारी, खांद्यावर हात ठेवून उभी असलेली मुलगी कोण, हे विचारायचं राहून जातं.

आजचा विषय त्या शेजारच्या मुलीचा आहे.

सोशल मीडिया वाईट, मोबाईल वाईट, आमच्या वेळी असं नव्हतं, हे भाषण या पानावर कुणाला नको आहे. ते पूर्ण खरंही नाही. घरच्या ग्रुपवर मुंबईच्या मामानं एक जुना फोटो टाकला आणि त्याखाली चार घरांतली माणसं तासभर बोलत बसली, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. मोबाईल नसता तर तो फोटो मामाच्या कपाटातच राहिला असता. त्यामुळे प्रश्न फोटो टाकण्याचा नाही. टाकला म्हणजे तो जपला गेला, असं आपण धरून चालतो, तिथं गडबड आहे. सोशल मीडिया ही फोटो दाखवायची जागा आहे, ठेवायची नव्हे. शिवाय नुसता फोटो ठेवूनही भागत नाही. त्यातली माणसं कोण, हे सांगणारं कुणी उरलं नाही, तर घरात राहतो तो अनोळखी चेहऱ्यांचा कागद.

दुसऱ्याच्या जागेत ठेवलेलं सामान

आपले दादा-ताई ऑर्कुटवर होते. त्यांना विचारा, तिथले फोटो कुठं गेले. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. फोटो उतरवून घ्यायला कंपनीनं मुदत दिली होती, तरी कितीतरी जणांनी 'नंतर बघू' म्हणून सोडून दिलं. मायस्पेस तर बंदही पडलं नव्हतं. सर्व्हर हलवताना बरीच वर्षं लोकांनी चढवलेली गाणी, फोटो, व्हिडिओ हरवले, असं त्यांनी २०१९ मध्ये कबूल केलं.

आपल्या रोजच्या वापरातलं बघू. गुगल फोटोजमध्ये पूर्वी हवे तितके फोटो फुकट ठेवता यायचे. १ जून २०२१ पासून ते थांबलं. आता १५ जीबीच्या फुकट जागेत मेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळं बसवावं लागतं. शिवाय जे वैयक्तिक खातं दोन वर्षं कुणी उघडलं नाही ते पुसलं जाऊ शकतं, असा नियम २०२३ मध्ये आला. आजोबांसाठी काढून दिलेलं जीमेल खातं, ज्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही, त्याला हा नियम लागू होतो.

व्हॉट्सॲपचं गणित वेगळं. नेहमीच्या पद्धतीनं फोटो पाठवला की तो लहान होऊन जातो. फोन किंवा कॅमेऱ्यानं फोटोच्या आत लपवून ठेवलेली तारीख आणि ठिकाणही वाटेत गळून पडतं. म्हणून गॅलरीत २०११ च्या बारशाचा फोटो परवाच्या तारखेखाली दिसतो. २०२३ पासून एचडीचा पर्याय आला, पण त्यातही मूळ फाईल जशीच्या तशी जात नाही. ती हवी असेल तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा लागतो. हे ज्यांना माहीत आहे ते असाइनमेंट तशी पाठवतात. आजीचा फोटो कुणी तसा पाठवत नाही.

यात कुणी आपल्याला फसवलेलं नाही. त्या जागा त्यांच्या आहेत, नियम त्यांचे आहेत, आणि ते बदलतात. भाड्याच्या खोलीत राहताना घराची कागदपत्रं आपण तिथं ठेवत नाही, गावाकडं आईच्या कपाटात ठेवतो. फोटोंच्या बाबतीत मात्र तेवढंही करत नाही.

कोल्हापूरनं काय काय घालवलंय

ही गोष्ट आपल्या गावाला नवी नाही. आपण अभिमानानं सांगतो की कोल्हापूर ही मराठी सिनेमाची पंढरी. बाबूराव पेंटर यांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' चित्रित केला आणि १९२० मध्ये तो पडद्यावर आला. १९२५ मध्ये त्यांनी 'सावकारी पाश' काढला. शेतकऱ्याच्या कर्जाची ती गोष्ट, तरुण शांताराम त्यात काम करत होते. आज हे दोन्ही मूकपट बघायचे म्हटलं तर बघता येत नाहीत. 'सैरंध्री' नाही, मूळ 'सावकारी पाश'ही नाही. उरले आहेत ते काही फोटो आणि लोकांनी लिहून ठेवलेल्या आठवणी.

पुढं १९२९ मध्ये प्रभात कंपनी इथंच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात, जिथं पूर्वी प्रभातचा स्टुडिओ होता त्या एफटीआयआयच्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि नायट्रेटवरची जुनी रिळं जळून गेली. त्यात प्रभातच्या सिनेमांच्या मूळ प्रती होत्या. ज्यांच्या प्रती दुसऱ्या फिल्मवर आधीच उतरवून ठेवल्या होत्या, ते सिनेमे आज आपण बघू शकतो.

शेवटचं वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. प्रत दुसरीकडं होती, म्हणून वाचलं.

आता घरची गोष्ट. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आकडे कोल्हापूरच्या पोराला पाढ्यासारखे पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०२१ च्या जुलैत ५६ फुटांच्या वर. प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली गावं, शहरात सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, सगळीकडं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर दारोदारी चिखलानं भरलेल्या गाद्या, फुगलेली कपाटं, शाळेची दप्तरं रस्त्यावर आली. त्याच ढिगांत लग्नाचे अल्बम होते. एकमेकांना चिकटून वीट झालेले.

पंचनामा झाला तो भिंतीचा, भांड्यांचा, जनावरांचा, पिकाचा. अल्बमचा पंचनामा कसा करणार? त्याची किंमत लावायला रकानाच नाही. गादी परत घेता येते. १९८६ चं लग्न परत लावता येत नाही.

जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर अशाच चिखलातून लोकांनी फोटो वेचले होते. यामामोतो नावाच्या लहानशा गावात स्वयंसेवक आणि विद्यार्थ्यांनी मिळून सुमारे साडेसात लाख फोटो धुतले, वाळवले, त्यांच्या डिजिटल प्रती काढल्या आणि लोकांनी येऊन आपापले ओळखून न्यावेत म्हणून मांडून ठेवले. मदत छावणीत धान्य आणि पांघरूण लागतंच. पण घर गेलेल्या माणसाला आपल्या मुलीचा एक फोटो सापडणं हीसुद्धा मदत असते, हे त्यांनी ओळखलं. आपल्याकडं २०१९ ला कॉलेजची पोरंपोरी चिखल काढायला, जेवणाची पाकिटं वाटायला किती राबली, हे शहरानं बघितलंय. पुढच्या वेळी त्यातल्या चार जणांना भिजलेला फोटो कसा वाचवायचा हे माहीत असावं, एवढीच अपेक्षा.

आधी जातं ते नाव

पूर आणि आग निदान दिसते. नाव जातं ते कळतही नाही.

माझ्या आजीकडं तिच्या लग्नाआधीचा एक फोटो आहे. स्टुडिओत काढलेला, मागं रंगवलेला पडदा, त्यावर खोटा जिना आणि फुलदाणी. तीन मुली ओळीत उभ्या. मधली आजी, डावीकडची तिची चुलत बहीण. उजवीकडच्या मुलीवर आजीचं बोट थांबलं. "ही आमच्या गल्लीतली. वेणी बघ किती लांब. नाव... तोंडावर आहे बघ." ते नाव काही आलं नाही. आजीच्या गल्लीत आता ओळखणारं कुणी नाही. फोटो अजून छान आहे, कुठं फाटला नाही, पिवळासुद्धा पडला नाही. पण ती मुलगी त्यातून गेलीच.

जुने ग्रुप फोटो बघितले तर एक गोष्ट ध्यानात येते. मागच्या रांगेतले पुरुष घरच्यांना नावानिशी माहीत असतात. हे आबा, हे अण्णा, हे पाटील मास्तर. खाली बसलेल्या बायका मात्र 'आबांची बायको', 'नंदूची आई', 'कागलची आत्या' अशा ओळखल्या जातात. आपल्याकडं लग्नात नवरा तांदळाच्या ताटात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचा. कितीतरी घरांत आजही लिहितो. माहेरचं नाव त्या दिवशी सुटलं ते सुटलं. म्हणून विचारताना नुसतं 'ही कोण' असं विचारू नका. 'हिचं माहेरचं नाव काय होतं' असं विचारा. घराच्या इतिहासात बायकांची नावं सगळ्यात आधी पुसली जातात, आणि ती सांगू शकणाऱ्या बायका आज सत्तरी-ऐंशीत आहेत.

दुसरी गोष्ट, फोटो सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला नाही. न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये शाळेच्या सहलीला आपण सगळे गेलोय. शाहू महाराजांचे, शिकारीचे, दरबारचे फोटो तिथं काचेआड सांभाळलेत. त्याच काळात राबणाऱ्या माणसांच्या घरात मात्र एकही फोटो नसायचा. कित्येक घरांत भिंतीवरचा हार घातलेला फोटो हा मतदान ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला असतो, कारण पणजीचा तेवढा एकच फोटो निघाला होता. ज्यांच्याकडं चारच फोटो आहेत त्यांच्यासाठी त्या चार फोटोंची गोष्ट जास्त मोलाची. आणि ज्यांच्याकडं एकही नाही, त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज रेकॉर्ड करावा. मोबाईल आहेच की खिशात.

असं काम लोक करतायत. अनुषा यादव यांनी २०१० मध्ये 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट' सुरू केला. देशभरातल्या घरांतले जुने फोटो तिथं आहेत, पण नुसते फोटो नाहीत. प्रत्येकाबरोबर तो पाठवणाऱ्यानं लिहिलेली हकीगत आहे. कोण, कुठं, केव्हा, पुढं त्यांचं काय झालं. ती हकीगत वाचली की अनोळखी माणसाचा फोटोसुद्धा आपण थांबून बघतो.

आपल्या पेठांतल्या तालमींत जा. भिंतीवर पैलवानांचे आणि फुटबॉल संघांचे फोटो ओळीनं लावलेले दिसतील. खाली नावं रंगवलेली असतील तर तिसऱ्या पिढीचा पोरगा सांगतो, 'हे आमचे पणजोबा.' नावं नसतील तर तो म्हणतो, 'जुनी टीम आहे कुठली तरी.' फरक एका ओळीचा आहे.

कुलूप लागलेला अल्बम

जुन्या फोटोंची ही गत, मग आपले फोटो तरी सुरक्षित आहेत का? जुना अल्बम उघडायला परवानगी लागत नव्हती. पाहुणे आले की चहाबरोबर तो बाहेर यायचा. आता अल्बम अंगठ्याच्या ठशानं उघडतो. कोविडच्या दोन वर्षांत अनेक घरांत माणूस गेला आणि त्याचा फोन लॉक राहिला. शेवटच्या पाच-सहा वर्षांचे सगळे फोटो आत. घरच्यांना पिन माहीत नाही, खात्याचा पासवर्ड माहीत नाही.

यावर उपाय आहेत, आपण ते वापरत नाही एवढंच. गुगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे. आपण ठरावीक महिने खातं वापरलं नाही तर आपला डेटा कुणाला मिळावा, हे त्यात आधीच लिहून ठेवता येतं. फेसबुकवर 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमता येतो. हे वाचताना 'अशुभ बोलू नको' असं घरचे म्हणतील. विमा काढताना वारसाचं नाव लिहितोच की आपण.

कुलूप मशीनचंही असतं. आपल्यातल्या अनेकांच्या आई-वडिलांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट अजून कपाटात आहे. ती लावायला व्हीसीआर कुठाय? फुनाई या जपानी कंपनीनं २०१६ च्या जुलैत व्हीसीआर बनवणं थांबवलं. तोपर्यंत टिकून राहिलेली ती शेवटची कंपनी. टेप वर्षागणिक खराब होत जाते, आणि बुरशी धरली तर मशीनच अडकतं. त्यानंतरच्या सीडी-डीव्हीडीचं काय? आपल्या नव्या लॅपटॉपला ती घालायची खाचच नाही. कॅसेटवरून डिजिटल प्रत करून देणारे व्हिडिओवाले अजून मिळतात. आहेत तोवर करून घेतलेलं बरं.

सुंदर करू नका, आहे तसा ठेवा

२०२५ च्या मार्चमध्ये घिबली स्टाइलची लाट आली. घरचे फोटो एआयला देऊन सगळ्यांनी कार्टून करून घेतले. मजा आली. त्याच टूल्सनी जुने फोटो 'रिस्टोअर' करायचं, रंगवायचंही वेड आलं. इथं थोडं थांबायला हवं. धूसर फोटो स्वच्छ करताना एआय हरवलेला तपशील शोधून आणत नाही, अंदाजानं नवा बनवतो. आजोबांच्या गालावरची देवीची खूण डाग समजून पुसतो, पणजीच्या पांढऱ्या लुगड्याला गुलाबी रंग देतो. ज्यांनी पणजीला पाहिलंय त्यांना ते खटकेल. आपल्या मुलांना खटकणार नाही, त्यांना तीच खरी पणजी वाटेल. म्हणून खेळायचं तर प्रतीवर खेळा. मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये, हात न लावता ठेवा.

आणखी एक. जुना फोटो घरचा असला तरी त्यातला चेहरा आपला नसतो. आत्याचा सोळाव्या वर्षीचा फोटो तिला न विचारता स्टोरीला टाकणं, नंतर मोडलेल्या लग्नातला फोटो 'थ्रोबॅक' म्हणून फॅमिली ग्रुपवर सोडणं, यानं कुणाचा तरी दिवस खराब होतो. जपायचं म्हणजे सगळ्यांना दाखवायचंच असं नाही. अल्बममध्ये काही पानं पाहुण्यांसमोर भरभर उलटली जायचीच.

मग करायचं काय?

सगळे हजारो फोटो सांभाळायला कुणी सांगत नाही. हॉटेलातल्या मिसळीचे अकरा फोटो पुसले तरी चालतील. पूर्वी एका रोलमध्ये ३६ फोटो निघायचे, म्हणून प्रत्येक क्लिक विचार करून व्हायची. तोच आकडा आपण घेऊया. वर्षाला एक रोल. डिसेंबरच्या शेवटी वर्षभरातले ३६ फोटो निवडायचे, त्यांच्या प्रिंट काढायच्या, प्रत्येकाबरोबर नावं, गाव, तारीख लिहायची. खर्च एखाद्या पार्टीपेक्षा कमी येतो.

जुन्या फोटोंसाठी काही सोप्या गोष्टी:

• नावं लिहिताना फोटोच्या मागं बॉलपेननं दाबून लिहू नका, पुढं वण उमटतो. मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं लिहा. चकचकीत कागदावर पेन्सिल उठत नसेल तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून फोटोसोबत पाकिटात ठेवा. मागं स्टुडिओचा शिक्का असेल तर त्याचाही फोटो काढा. गाव आणि साल शोधायला तो उपयोगी पडतो.

• चिकट पानांवर प्लॅस्टिक ओढलेले अल्बम फोटोंचे शत्रू आहेत. गोंद पिवळा पडतो आणि फोटो धरून ठेवतो. ओढून काढू नका. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून हळूहळू फिरवला तर बरेचसे सुटतात. न सुटणारे आहे तिथंच ठेवून त्यांची प्रत काढा.

• १९७०-८० च्या दशकातले रंगीत फोटो लालसर झालेले दिसतात, कारण त्यातला निळसर रंग आधी उडतो. ब्लॅक अँड व्हाइट फोटो त्यामानानं जास्त टिकतात. म्हणून स्कॅन करायला सुरुवात रंगीत फोटोंपासून करा.

• स्कॅनर मिळाला तर ६०० डीपीआयवर स्कॅन करा. नसेल तर दिवसा खिडकीजवळ, थेट ऊन नसेल तिथं, फोटो सपाट ठेवून मोबाईल बरोबर वर धरा. फ्लॅश बंद.

• प्रती तीन ठेवा. एक फोन किंवा लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर. हार्ड डिस्क त्याच कपाटात ठेवली आणि घरात पाणी आलं तर दोन्ही जातात.

• फोटो भिजलेच तर एकमेकांपासून ओढून वेगळे करू नका. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हळूच सोडवा. चित्राच्या बाजूला बोट लावू नका. चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवा. लगेच जमत नसेल तर मध्ये बटर पेपर घालून पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे बुरशी धरणार नाही. नंतर सवडीनं काम करता येतं.

यातलं निम्मं काम कॉलेजांत होऊ शकतं. एनएसएसच्या शिबिरात आपण झाडं लावतो, रंकाळा स्वच्छ करतो. एका शिबिरात नदीकाठच्या गावात एक स्कॅनर, दोन लॅपटॉप आणि दहा विद्यार्थी घेऊन बसायला काय हरकत आहे? लोकांनी घरचे फोटो आणायचे, आपण प्रत काढून पेन ड्राइव्हवर द्यायची आणि मूळ फोटो लगेच परत करायचे. सांगतील ती नावं लिहून घ्यायची. पाणी यायच्या आधी, मे महिन्यात. इतिहास, मराठी, मास कॉम, कॉम्प्युटर, कुठल्याही विभागाला हा प्रोजेक्ट म्हणून घेता येईल. पुस्तकातून उतरवलेल्या प्रोजेक्टपेक्षा गावाला याचा उपयोग जास्त.

घरी तर परवानगीचीही गरज नाही. येत्या रविवारी ट्रंक खाली काढा. सगळे अल्बम एका दिवसात संपवायचे नाहीत, म्हातारी माणसं दमतात आणि आपणही. दहा फोटो घ्या. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशेजारी बसा, फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि प्रत्येक फोटोला तीन गोष्टी विचारा. यात कोण कोण आहे? हा कुठं आणि केव्हा काढला? तेव्हा घरात काय चाललं होतं? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर लांबेल. मध्ये तोडू नका. चहा ठेवा.

ट्रंक परत ठेवताना ती खालच्या कप्प्यात सरकवू नका, वर ठेवा. जुलैत पंचगंगेच्या पातळीचे मेसेज फिरायला लागले की गाड्या आणि गहू वर न्यायची सगळीकडं धांदल उडते. त्या यादीत ट्रंकही लिहून ठेवा.